औषधाची किंमत कशी ठरते? : एका गोळीच्या निमित्ताने अभ्यास

दरवर्षी आपल्या संस्थेचा अहवाल हाती येतो तेव्हा हितचिंतकांचे लक्ष साहजिकच जमाखर्चाच्या पानांकडे जाते. त्या पानांवर 'औषधे व वैद्यकीय साहित्य' अशी एक ओळ असते. वेतन, वीज, इमारतीची देखभाल या बाबींचा खर्च का होतो हे समजण्यास कोणाला सांगावे लागत नाही. औषधांच्या ओळीबाबत मात्र प्रश्न उरतोच. एकाच गुणधर्माच्या दोन गोळ्यांपैकी एकीची किंमत दुसरीच्या दहापट का असते? जे औषध दहा वर्षांपूर्वी कुटुंबाचे घर गहाण टाकावयास लावीत होते, ते आज सामान्य माणसाच्या आवाक्यात कसे येते? आणि आज जे नवे उपचार शोधले जात आहेत, ते आपल्या सर्वसाधारण कक्षातील रुग्णापर्यंत कधी पोहोचतील?

हे प्रश्न केवळ औषध कंपन्यांचे किंवा सरकारचे नाहीत. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना ते थेट भिडतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. निर्धन रुग्णाला दिलेली औषधे खरेदीच्या किमतीने याच निधीत खर्ची पडतात. तेव्हा औषधाची खरेदी किंमत जितकी अधिक, तितके या निधीतून उपचार मिळणारे रुग्ण कमी, असा सरळ हिशेब आहे. तो समजून घेण्यासाठी प्रस्तुत लेखात एका गोळीचा प्रवास आरंभापासून पाहू.

एका गोळीचा जन्म

रक्ताच्या कर्करोगाचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या प्रकारात पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते. रोग आरंभी संथ असतो. परंतु उपचार न मिळाल्यास काही वर्षांनी तो उग्र रूप धारण करतो आणि मग रुग्ण हाती लागत नाही. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड या दोन संशोधकांना अशा रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र आखूड झालेले आढळले. १९७३ साली शिकागो येथील जॅनेट राउली यांनी त्याचे कारण दाखविले. क्रमांक ९ व क्रमांक २२ या दोन गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले गेलेले असतात. पुढे असे सिद्ध झाले की, या अदलाबदलीतून एक विकृत प्रथिन तयार होते आणि तेच पेशीला 'वाढत राहा' अशी आज्ञा सतत देत राहते.

रोगाचे मूळ इतके नेमके सापडल्यावर त्याच प्रथिनाला निष्प्रभ करणारे औषध शोधण्याची कल्पना पुढे आली. स्वित्झर्लंडमधील सिबा-गायगी या कंपनीत निकोलस लिडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी संयुगे तयार केली. अमेरिकेतील ओरेगॉन येथील डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी त्यांची प्रयोगशाळेत व नंतर रुग्णांवर चाचणी घेतली. त्यांतील एका संयुगाचे नाव इमॅटिनिब. जून १९९८ मध्ये पहिल्या रुग्णाला ते देण्यात आले. पुरेशी मात्रा मिळालेल्या पहिल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तातील पेशींचे प्रमाण पूर्ववत झाले. १० मे २००१ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली. १९९६ साली सिबा-गायगी व सँडोझ यांच्या विलीनीकरणातून नोव्हार्टिस ही कंपनी जन्मास आली होती. तिने हे औषध 'ग्लिव्हेक' या नावाने बाजारात आणले.

पुढील दीर्घ पाहणीत हे औषध घेणाऱ्या रुग्णांपैकी ८३ टक्के रुग्ण १० वर्षांनंतरही हयात होते. पूर्वी या रोगावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण किंवा इंटरफेरॉनची त्रासदायक इंजेक्शने एवढेच मार्ग होते. आता रोज घेण्याच्या गोळ्या हाच उपचार झाला. मात्र ही गोळी बहुतेक रुग्णांना वर्षानुवर्षे, कित्येकांना आजन्म घ्यावी लागते. ती मध्येच थांबविली तर रोग परत डोके वर काढण्याचा धोका असतो. त्यामुळे या औषधाची किंमत हा एकदाच भरण्याच्या देयकाचा प्रश्न नाही. दरमहा पुन्हा उभा राहणारा हा प्रश्न आहे.

शोध कोणाचा, खर्च कोणाचा?

वरील इतिहासात एक गोष्ट लक्षात येते. गुणसूत्राचा शोध, त्याच्या अदलाबदलीचे निदान व विकृत प्रथिनाचे ज्ञान हे बहुतांशी विद्यापीठे व सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संस्थांमधून आले. संयुग तयार करणे, ते सुरक्षित आहे याची खात्री करणे, हजारो रुग्णांवर चाचण्या घेणे व मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणे हे काम कंपनीने केले. दोन्ही कामे आवश्यक होती. एकाचे श्रेय दुसऱ्यास देणे योग्य होणार नाही.

औषध कंपन्यांचे म्हणणेही नीट ऐकून घेतले पाहिजे. मानवी चाचण्यांच्या टप्प्यावर आलेल्या दहा औषधांपैकी साधारणतः एकच मान्यतेपर्यंत पोहोचते. उरलेल्या नऊंचा खर्च त्या एकाच्या विक्रीतून भरून काढावा लागतो. एक नवे औषध बाजारात आणण्यासाठी किती खर्च येतो याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या अभ्यासगटाने २०१४ साली तो २.६ अब्ज डॉलर असल्याचे म्हटले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात मध्यम आकडा सुमारे १ अब्ज डॉलर निघाला. कोणताही आकडा मानला तरी खर्च मोठा आहे, हे नाकारता येत नाही.

परंतु केवळ संशोधनाच्या खर्चावरून किंमत ठरते असे मानले, तर पुढील गोष्टीचा उलगडा होत नाही. २००१ साली अमेरिकेत ग्लिव्हेकचा वर्षाचा खर्च सुमारे ३०,००० डॉलर होता. २०१२ साली तो सुमारे ९२,००० डॉलर झाला. या ११ वर्षांत गोळी तीच होती, तिच्या संशोधनाचा मूळ खर्च कधीच होऊन गेलेला होता आणि विक्री मात्र वाढलेली होती. २०१३ साली या रोगाच्या शंभराहून अधिक तज्ज्ञ डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकातून या किमतींविरुद्ध जाहीरपणे मत मांडले. यावरून दिसते की, एकाच विक्रेत्याला हक्क असतो तेव्हा किंमत उत्पादनखर्चाशी बांधलेली राहत नाही. घेणारा किती देऊ शकेल यावर ती ठरते. प्राण वाचविण्यासाठी माणूस काय द्यावयास तयार होणार नाही?

पेटंटचा कायदा आणि भारताने निवडलेली वाट

पेटंट म्हणजे नव्या शोधाच्या मोबदल्यात समाजाने शोधकर्त्याला ठरावीक मुदतीसाठी दिलेली मक्तेदारी होय. मुदत संपली की, शोध सर्वांचा होतो. हा करार न्याय्य असावा यासाठी दोन गोष्टी आवश्यक आहेत. शोध खरोखर नवा असला पाहिजे आणि मुदत खरोखर संपली पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर भारतात १९११ चा ब्रिटिशकालीन पेटंट कायदाच चालू होता. औषधांच्या बाजारावर परदेशी कंपन्यांचे वर्चस्व होते व किमती जगातील चढ्या किमतींत मोडत. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली सादर केलेल्या अहवालाच्या आधारे संसदेने १९७० साली नवा कायदा केला. तो १९७२ साली अमलात आला. त्यानुसार औषध या वस्तूवर पेटंट मिळत नसे. ते तयार करण्याच्या पद्धतीवर तेवढे मिळे आणि तेही अल्प मुदतीचे. दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनविण्याची मोकळीक मिळाल्याने भारतीय रसायनशास्त्रज्ञांना काम मिळाले आणि पुढील तीन दशकांत मुंबई, हैदराबाद, अहमदाबाद येथे औषधनिर्मितीचा मोठा उद्योग उभा राहिला.

१९९५ साली जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. तिच्या करारानुसार भारताला औषधांवरही २० वर्षांची पेटंटे देणे बंधनकारक झाले. त्यासाठी मिळालेली सवलतीची मुदत संपून १ जानेवारी २००५ पासून ही तरतूद लागू झाली. त्या वेळी संसदेने कायद्यात एक महत्त्वाचे कलम घातले. कलम ३ मधील पोटकलम 'घ', म्हणजेच सर्वत्र चर्चिले गेलेले 'तीन-डी', असे सांगते की, ज्ञात पदार्थाचे केवळ नवे रूप शोधले तर तो शोध ठरत नाही. त्या नव्या रूपामुळे परिणामकारकता लक्षणीय वाढत असेल तरच पेटंट मिळेल. जुन्या औषधात किरकोळ बदल करून मक्तेदारीची मुदत पुनःपुन्हा वाढविण्याचा जो प्रघात जगभर पडला आहे, त्यास आळा घालणे हा या कलमाचा हेतू होता.

चेन्नईच्या कार्यालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

या कलमाची पहिली मोठी कसोटी आपल्या याच गोळीने घेतली. इमॅटिनिब या मूळ संयुगाचे पेटंट परदेशांत १९९३ च्या सुमारास मागण्यात आले होते. तेव्हा भारतात औषधावर पेटंट मिळत नसे. नंतर कंपनीने त्याच संयुगाच्या एका क्षाराच्या विशिष्ट स्फटिकरूपासाठी १९९८ साली चेन्नई येथे अर्ज केला. तो विचाराधीन असतानाच नोव्हेंबर २००३ मध्ये कंपनीला विक्रीचे एकाधिकार मिळाले व काही भारतीय कंपन्यांना आपले उत्पादन थांबवावे लागले. ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता. भारतीय कंपन्यांचे तेच औषध ८,००० ते १०,००० रुपयांत मिळत असे.

येथे कंपनीच्या बाजूची एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. साहाय्य कार्यक्रमाद्वारे तिने भारतातील हजारो रुग्णांना हे औषध विनामूल्य दिले. ज्या रुग्णांना त्याचा लाभ झाला, त्यांच्या दृष्टीने ते वरदानच होते. तथापि दान हे देणाऱ्याच्या इच्छेवर व अटींवर अवलंबून असते. किंमतच आवाक्यात असेल तर रुग्णाला कोणाकडे अर्ज करावा लागत नाही.

या अर्जाला विरोध करणाऱ्यांत भारतीय उत्पादक कंपन्यांप्रमाणेच मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही स्वयंसेवी संस्थाही होती. कर्करुग्णांना औषधांसाठी मदत करणारी संस्था पेटंटच्या कज्ज्यात पक्षकार म्हणून उभी राहते, ही घटना आपल्यासारख्या संस्थांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनीने तीन-डी या कलमाच्या वैधतेलाच आव्हान दिले. ऑगस्ट २००७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते अमान्य केले. प्रकरण अपिलीय मंडळाकडून अखेर सर्वोच्च न्यायालयात गेले.

कंपनीचा मुख्य युक्तिवाद असा होता की, नवे स्फटिकरूप शरीरात सुमारे ३० टक्के अधिक प्रमाणात शोषले जाते, म्हणून ते अधिक परिणामकारक आहे. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने निर्णय दिला. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता याचा अर्थ रोग बरा करण्यातील परिणामकारकता असा घ्यावयाचा. शोषण वाढल्याने रोगावरील गुण वाढला असे दाखविले गेलेले नाही. सबब पेटंट देता येत नाही. या निर्णयाने औषधांवरील पेटंट रद्द झाली नाहीत. खऱ्या नव्या औषधाला भारतात आजही पेटंट मिळते. जुन्याला नवे म्हणून मक्तेदारी मागता येणार नाही, एवढेच न्यायालयाने सांगितले. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने इमॅटिनिबचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. अमेरिकेतही मूळ पेटंट संपल्यावर फेब्रुवारी २०१६ मध्ये जे पहिले जेनेरिक इमॅटिनिब विक्रीस आले, ते मुंबईच्या सन फार्मा या कंपनीचे होते.

हिशेबाचे एक उदाहरण

या सर्व कायदेशीर इतिहासाचा धर्मादाय रुग्णालयाशी काय संबंध, हे केवळ समजण्यापुरत्या एका उदाहरणाने पाहू. एखाद्या रुग्णालयाची वर्षाची एकूण देयके १० कोटी रुपये आहेत असे धरू. २ टक्क्यांप्रमाणे निर्धन रुग्ण निधीत २० लाख रुपये जमा होतील. औषधाचा महिन्याचा खर्च १,२०,००० रुपये असेल, तर एका रुग्णाला वर्षाला १४,४०,००० रुपये लागतील. म्हणजे संपूर्ण निधी खर्च करूनही एका रुग्णाचे वर्ष पूर्ण होईल व दुसऱ्याचे जेमतेम चार महिने. पाचव्या महिन्यात त्या दुसऱ्या रुग्णाला काय सांगावयाचे?

महिन्याचा खर्च १०,००० रुपये असेल, तर तोच निधी १६ रुग्णांना वर्षभर पुरून वर काही रक्कम शिल्लक राहील. देणगी तीच, डॉक्टर तेच, रोगही तोच. फरक पडला तो केवळ दूर कोठेतरी लागलेल्या एका निर्णयामुळे. दानशूर व्यक्तींनी दिलेल्या रुपयाचे सामर्थ्य औषधाच्या किमतीवर किती अवलंबून असते, हे यावरून कळून येईल.

भारतातून जगाकडे

औषध आवाक्यात आल्याचा लाभ केवळ भारतीयांना झाला असे नाही. २००१ च्या आरंभी एचआयव्हीवरील तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचा वर्षाचा खर्च श्रीमंत देशांत १०,००० डॉलरहून अधिक होता. आफ्रिकेतील लक्षावधी रुग्णांना तो अशक्यप्राय होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी 'सीमाविरहित डॉक्टर' या संघटनेला तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दर्शविली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोहा येथे जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य राष्ट्रांनी जाहीर केले की, सार्वजनिक आरोग्याचे रक्षण करण्यास पेटंटचा करार आड येऊ नये. पुढील काही वर्षांत गरीब देशांत दिल्या जाणाऱ्या या औषधांचा फार मोठा भाग भारतातून जाऊ लागला.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे उदाहरणही असेच आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदुज्वराच्या मोठ्या साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक लोकांना लागण झाली व २५,००० जणांचा मृत्यू झाला. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना व पाथ या संस्थेने, गेट्स प्रतिष्ठानच्या देणगीतून, या रोगावरील लस तयार करण्याचा प्रकल्प हाती घेतला. अट अशी होती की, लसीची किंमत अर्ध्या डॉलरपेक्षा कमी असावी. आधी किंमत ठरली आणि मग ती परवडेल असे तंत्र व असा उत्पादक शोधला गेला. लस पुण्यात बनली व डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो या देशात तिचा आरंभ झाला. त्यानंतर 'अ' गटाच्या जिवाणूमुळे येणाऱ्या साथी त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीशा झाल्या. देणगी, शास्त्र व उद्योग यांनी आरंभापासून एकत्र बसून ठरविले, तर काय साध्य होते याचा हा वस्तुपाठ आहे.

मात्र एकाच देशावर जगाने विसंबून राहण्यातील धोकाही पुढे दिसला. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडची लाट उसळली, तेव्हा भारताने लसींची निर्यात काही महिने थांबविली. आपल्या दृष्टीने ते अपरिहार्य होते. परंतु या लसींवर अवलंबून असलेल्या गरीब राष्ट्रांना वाट पाहावी लागली.

स्वस्त, परंतु खात्रीचे

किमतीचा विचार करताना गुणवत्तेचा विसर पडू देता कामा नये. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी द्रव्य मिसळलेले ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्णांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी करून औषध खरेदी व तपासणीतील गंभीर दोष उघड केले. त्याच प्रकारचे द्रव्य २०२२ साली पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या देशात गेलेल्या भारतीय बनावटीच्या खोकल्याच्या औषधांत आढळले व तेथील अनेक बालकांच्या मृत्यूशी त्याचा संबंध जोडला गेला. या घटना छत्तीस वर्षांच्या अंतराने घडल्या असल्या, तरी शिकवण एकच आहे. जेनेरिक औषध हे मूळ औषधाइतकेच गुणकारी असते. परंतु ते तसे आहे हे तपासणीने सिद्ध झालेले असले पाहिजे. कमीत कमी दराची निविदा मंजूर करणे म्हणजे काटकसर नव्हे. उत्पादकाची परवाने व प्रमाणपत्रे, प्रत्येक खेपेचा तपासणी अहवाल आणि साठवणुकीची व्यवस्था पाहूनच दराचा विचार झाला पाहिजे.

उद्याचे उपचार

गोळीची नक्कल करता येते, कारण ती एक रासायनिक रेणू असते. येणाऱ्या काळातील अनेक उपचार तसे नाहीत. रक्ताच्या काही कर्करोगांत रुग्णाच्याच प्रतिकारक पेशी काढून, त्यांत प्रयोगशाळेत बदल करून, त्या पुन्हा शरीरात सोडल्या जातात. यास कार-टी उपचार म्हणतात. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या अशा पहिल्या उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर होती. प्रत्येक रुग्णासाठी औषध वेगळे तयार करावे लागत असल्याने येथे पेटंट संपण्याची वाट पाहून प्रश्न सुटणारा नव्हता. तंत्र स्वतः विकसित करणे हाच मार्ग होता. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील शास्त्रज्ञ व टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टर यांनी तो पत्करला. त्यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली व ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. त्याचा खर्च परदेशातील खर्चाच्या सुमारे एक दशांश आहे. तरीही तो लाखांच्या घरात असल्याने सामान्य कुटुंबास पेलणारा नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

सिकलसेल या आनुवंशिक रोगाची स्थिती अधिक विचार करावयास लावणारी आहे. विदर्भात व नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. जनुकात दुरुस्ती करून या रोगावर उपचार करणारी पहिली पद्धत २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्य झाली. अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. या रोगाचे बहुसंख्य रुग्ण आफ्रिकेत व भारतात राहतात. ज्यांना रोग आहे त्यांच्याकडे पैसा नाही आणि ज्यांच्याकडे पैसा आहे तेथे उपचार आहे, अशी ही विसंगती आहे. जगाच्या आरोग्यव्यवस्थेपुढील उद्याचा मोठा प्रश्न हाच राहील.

क्षयरोगाच्या बाबतीत आशेचा एक किरण दिसला आहे. बेडॅक्विलिन हे औषध २०१२ साली मान्य झाले. नव्या पद्धतीने काम करणारे क्षयावरील औषध येण्यास त्यापूर्वी सुमारे चार दशके गेली होती, कारण गरिबांच्या रोगात नफा थोडा असतो. या औषधाच्या एका क्षारावरील पेटंटची मुदतवाढ मागणारा अर्ज मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने फेटाळला. त्यास हरकत घेणाऱ्यांत मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन व दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघी होत्या. दोघीही क्षयातून बऱ्या झालेल्या आणि दोघींचीही श्रवणशक्ती जुन्या औषधांच्या दुष्परिणामामुळे गेलेली. जुलै २०२३ मध्ये मूळ पेटंट संपले आणि वर्षअखेरीपूर्वीच आंतरराष्ट्रीय खरेदीत सहा महिन्यांच्या उपचाराचा दर निम्म्याहून खाली, १३० डॉलरवर आला.

आपले कर्तव्य

इमॅटिनिबच्या गोळीपासून बेडॅक्विलिनपर्यंतच्या या प्रवासात एक सूत्र दिसते. औषधाची किंमत ही निसर्गाने ठरवून दिलेली नसते. संशोधनास कोणी पैसा दिला, कायद्याने मक्तेदारी किती दिली, खरेदी करणाऱ्यांनी एकत्र येऊन दर मागितला की नाही, आणि रुग्णांच्या वतीने कोणी बोलले की नाही, यांवर ती ठरते. म्हणजेच ती माणसांनी ठरविलेली असते आणि माणसांना बदलता येते.

धर्मादाय रुग्णालयाला यात तीन गोष्टी करता येतात. पहिली, जेथे गुणवत्तेची खात्री आहे तेथे जेनेरिक नावानेच औषध लिहून देण्याची व खरेदी करण्याची शिस्त पाळणे. दुसरी, एकट्याने घासाघीस करण्याऐवजी इतर रुग्णालयांसह एकत्रित खरेदी करणे. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील रुग्णालयांनी ४० औषधांची अशी खरेदी करून मोठी बचत करून दाखविली आहे. तिसरी, रुग्णाच्या नातेवाइकांना औषधाच्या पर्यायांची व किमतींची माहिती न मागता देणे. नातेवाइकांनीही 'हेच औषध दुसऱ्या नावाने कमी किमतीत मिळते का?' असा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात संकोच बाळगू नये. मात्र डॉक्टरांना न विचारता औषध बदलू नये आणि पैशांअभावी औषध थांबविण्याची वेळ आली, तर ते थांबविण्यापूर्वी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात अवश्य यावे.

दात्यांना एवढेच सांगावयाचे आहे की, आपण दिलेल्या प्रत्येक रुपयाचे मोल औषधाच्या किमतीबरोबर कमीअधिक होत असते. हा रुपया अधिकाधिक रुग्णांपर्यंत पोहोचावा यासाठी खरेदी विभागात जागरूकपणे होणारे काम हेही रुग्णसेवेचाच भाग आहे. पुढील अहवालातील 'औषधे व वैद्यकीय साहित्य' ही ओळ वाचताना, ती रक्कम किती झाली याबरोबरच तिच्यातून किती रुग्णांचे उपचार अखंड चालू राहिले, हा प्रश्न आपण आम्हाला अवश्य विचारावा.